पिवळ्या पट्ट्यावरचा वहिवाटदार

पर्यटनाच्या हंगामात मी माझ्या स्वतःच्या घरात स्वयंपाकघरात झोपते.

आमचं न्याहारी-निवास आहे. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत पुण्या-कोल्हापूरची माणसं येऊन आमच्या खोल्यांत राहतात, माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं खातात आणि निघताना, "किती शांत आयुष्य आहे हो तुमचं," असं मला सांगून जातात. (हे ऐकताना मी बहुधा त्यांच्याच चादरी पिळत असते.) खोल्या भरल्या की आमची निजायची खोलीही पाहुण्यांना द्यावी लागते. मग नवरा ओसरीवर, सासूबाई देवघराच्या दाराशी आणि मी ओट्याखाली, डोकं पिठाच्या डब्याला लावून. गेल्या हंगामात एक बाई पहाटे पाणी प्यायला आत आल्या, मला अडखळल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "अय्या, तुम्ही इथे काय करताय?"

त्याच दिवशी मी ठरवलं, की घराशेजारी एक खोली बांधायची. लहानशी चालेल, पण माझी. पाहुण्यांना ती द्यायची नाही, कितीही मोठं कुटुंब आलं तरी. दाराला आतून कडी हवी, बस्स.

जागा आमची, माड आमचे, सातबाऱ्यावर नाव आमचं. मला वाटलं, आता गवंड्याला निरोप धाडायचा तेवढा राहिला. इतकी अडाणी मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या बाबतीत नव्हते.

नगररचनेच्या कचेरीत एका तरुण साहेबांनी भिंतीएवढा नकाशा उलगडला आणि आमची जागा पेन्सिलीच्या टोकाने दाखवली. घराचा पुढचा भाग भरतीरेषेच्या आत येतो, तिथे नवीन वीटही लावायची नाही. बरं, मग मागे? मागे आमची सुपारीची बाग. ती नकाशात हिरवी, म्हणजे शेतीची. तिथे सुपारी राहू शकते, सुपारी लावणारी राहू शकत नाही. मी विचारलं, की समुद्र पुढून नको म्हणतो, सुपारी मागून नको म्हणते, मग माणसाने काय माडावर चढून निजायचं? साहेब चांगले होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "ताई, दक्षिणेच्या बाजूला एक पिवळा पट्टा आहे बघा. पिवळा म्हणजे रहिवासी. तिथे परवानगी मिळेल. मी येऊन जागा पाहून जातो."

मी घरी येऊन ही आनंदाची बातमी दिली आणि सासूबाईंच्या हातातला नारळ खाली पडला.

कारण तो दक्षिणेकडचा पट्टा म्हणजे देवचाराची वाट.

बाहेरच्यांसाठी सांगते. देवचार म्हणजे आमच्या वाडीचा राखणदार. भूत नव्हे, देवही नव्हे, मधलाच काहीतरी हुद्दा आहे. तो वाडीबाहेरच्या वडाकडे राहतो आणि रोज रात्री काठी टेकत समुद्रापर्यंत फेरी मारतो, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर कोणी बांधकाम करत नाही, गुरं बांधत नाही, कपडे वाळत घालत नाही. मी स्वतः विज्ञानाची पदवीधर आहे. लग्न होऊन आल्यापासून त्या काठीचा आवाज मला एकदाही ऐकू आलेला नाही. सासूबाईंना मात्र तो रोज येतो. (मी हाक मारलेली त्यांना ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.)

"तेच्या वाटेर भिंत घालतलंस?" सासूबाई म्हणाल्या. "आणि तो खयसून जातलो?"

"आये, तो रात्री चलता, मी रात्री निजतंय," मी म्हटलं. "आमचा दोघांचा जमतला."

हा विनोद कोणालाही आवडला नाही. नवरा माडाकडे बघत उभा राहिला. घरात वाद झाला की तो माडाकडे बघतो. संध्याकाळपर्यंत शेजारचे बाबलभाऊ येऊन बसले. बाबलभाऊ आमच्या वाडीचे गाऱ्हाणं घालणारे. देवापुढे उभं राहून माणसांची कामं सांगायची, हे त्यांच्या घराण्याकडे आहे. त्यांनीही मान हलवली. मला संताप आला तो याचा, की आपल्या मालकीच्या जागेत समुद्राचा नियम मानायचा, सरकारचा मानायचा, आणि उरल्या चिंचोळ्या पट्ट्यात ज्याला कोणी पाहिलेलं नाही अशा गृहस्थाचाही मानायचा! कर मात्र तिघांपैकी एकही जण भरत नाही. तो आम्ही भरतो.

शेवटी मी घरातल्या कर्त्या माणसाच्या आवाजात सांगितलं, की साहेब पाहणीला येतील, तेव्हा देवचार हा शब्द कोणाच्याही तोंडून बाहेर पडता कामा नये. शिकलेला माणूस आहे, हसेल आपल्याला. ज्याला बोलायचं आहे त्याने बोलावं, पण त्याचं नाव घ्यायचं नाही.

या घरात माझी एकही सूचना कधी कोणी पाळलेली नाही. ही पाळली.

साहेब आले ते भर दुपारी. मी चहा करायला आत गेले. तेवढ्यात त्यांनी त्या पट्ट्यावर उभं राहून त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, की इथून कोणी ये-जा करतं का. मी कपबश्या घेऊन बाहेर आले, तर नवरा, सासूबाई आणि बाबलभाऊ तिघेही परीक्षेला बसल्यासारखे उभे. खोटं बोलायचं तर राखणदार ऐकतोय, खरं बोलायचं तर मी ऐकतेय.

"करतत," बाबलभाऊ म्हणाले.

"कोण?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाई म्हणाल्या, "आमचो एक जुनो माणूस आसा."

"रोज जातात?"

"रोज. पावसातसुद्धा चुकूचो नाय."

साहेबांना कौतुक वाटलं. वय काय असेल, असं त्यांनी विचारलं. बाबलभाऊ प्रामाणिकपणे विचारात पडले. "ता काय सांगूचा साहेबानूं. माझ्या आज्याच्या वेळाक पण तो म्हातारोच होतो."

साहेब हसले, कोकणी माणसाची बोलायची तऱ्हा म्हणून. त्यांनी विचारलं, दुसऱ्या रस्त्याने नाही का जाता येणार त्यांना? यावर तिघेही एकदम, आणि जरा घाबरूनच, नाही म्हणाले. राहतात कुठे? बाबलभाऊंनी वडाकडे हात केला आणि तोच हात पटकन छातीशी जोडला. साहेबांनी मान डोलावली. वडीलधाऱ्यांबद्दल असा आदर आता कुठे राहिलाय, असंही काहीसं म्हणाले.

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. मला बोलता आलं असतं. पण बोलले असते तर तो शब्दच उच्चारावा लागला असता, आणि त्यावर बंदी घालणारी मीच.

पुढच्या आठवड्यात कचेरीतून निरोप आला. पिवळ्या पट्ट्यातून एका वयोवृद्ध ग्रामस्थांची पूर्वापार वहिवाट आहे. सबब बांधकामासाठी त्यांची हरकत नसल्याचं लेखी आणावं.

मी स्कूटर काढली ती थेट कचेरीच्या दारात थांबवली. वाटेत एका म्हशीलाही मी हॉर्न दिला नाही, तिलाच कळलं असावं.

"ताई, कायदा आहे," साहेब म्हणाले. "वर्षानुवर्षं चालणाऱ्या माणसाची वाट आपण बंद करू शकत नाही. लिहिता येत नसेल तर अंगठाही चालेल."

मी म्हटलं, त्यांना कचेरीत आणणं शक्य नाही.

"रोज समुद्रापर्यंत चालतात ना? मग बसने येतील की. नाहीतर मी येतो त्यांच्या घरी."

"ते दिवसा बाहेर पडत नाहीत."

"डोळ्यांचा त्रास आहे का?" साहेबांनी काळजीने विचारलं. "सावंतवाडीला शिबिर असतं. मी चिठ्ठी देऊ का?"

अशा चांगुलपणापुढे माझा राग टिकेना. शेवटी मी खुर्चीवर बसले, आवाज खाली आणला आणि सगळं सांगून टाकलं. वड, काठी, फेरी, सगळं. तो शब्दही उच्चारला. आता साहेब खो-खो हसतील, तिथल्या तिथे वहिवाट खोडतील आणि मला माझी खोली मिळेल, याची मला खात्री होती. विज्ञान विज्ञानाला ओळखतं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं, दाराकडे पाहिलं आणि इतके दिवस माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलणारा तो माणूस एकदम मालवणीत शिरला.

"बाये, ह्या तुमी आधी कित्या सांगलात नाय? मी थंयसर उभो रवान हसलंय!"

ते शिरोड्याचे निघाले. त्यांच्याही घरामागून एकजण जातो म्हणे. त्यांच्या चुलत्याने तिथे न्हाणीघर बांधलं आणि ते तीनदा कोसळलं. मी म्हटलं, वाळू खराब असेल. साहेब म्हणाले, त्याच वाळूने बांधलेलं त्यांचं घर अजून उभं आहे. मग ते पुन्हा साहेबी मराठीत आले आणि म्हणाले की नियमानुसार वहिवाट अजून कायम आहे, आणि नियम बाजूला ठेवले तरी ते स्वतः सही करणार नाहीत. "आधी तेका विचारा," एवढं मात्र मालवणीत.

तेव्हा, सरकारी नगररचनेच्या सल्ल्यावरून, आम्ही वडाखाली कौल लावायला गेलो. मी जाणार नव्हते. पण खोली माझी, त्यामुळे उभं मलाच राहावं लागणार होतं, डोक्यावर पदर घेऊन. बाबलभाऊंनी नारळ ठेवला आणि वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान एक खोली बांधूची म्हणान मनात येवजल्यान हा. पुढे समुद्राचो कायदो, मागे हिरवो रंग. रवता रवलो तुझ्या वाटेचो पिवळो पट्टो. ह्या लेकरू ओट्याखाली निजता म्हाराजा, ह्येचो काय तो मार्ग काढ."

"होय म्हाराजा," असं सगळ्यांनी म्हणायचं असतं. नवऱ्याने ते इतक्या मनापासून म्हटलं, की माझ्या ओट्याखाली निजण्याचं त्याला कधीतरी वाईट वाटलं असावं, हे मला तेव्हा प्रथमच कळलं. घरात तसं काही दिसलं नव्हतं.

ओल्या दगडावर दोन बाजूंना तांदूळ चिकटवतात. उजवा आधी पडला तर होकार. आम्ही सगळे त्या दाण्याकडे बघत उभे. मी पदवीधर बाई, पण मीही श्वास रोखला. वारा आला असता तर बरं, असं वाटलं. मग वाटलं, नको, डावाच पडायचा.

उजवा पडला. पण बाबलभाऊंच्या मते तो पडताना जरा घरंगळला होता. याचा अर्थ, बांध, पण वाट सोडून बांध.

साहेबांना हे सांगितलं, तर त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी स्वतः येऊन दोरी धरली. माणसाला चालायला पुरेल एवढी वाट एका कडेने मोकळी ठेवली. काठीसाठी थोडी जास्त. तिथून पुन्हा नियमाप्रमाणे मोकळं सोडायचं अंतर, मग भिंत. ज्या सहीला महिने लागतात असं मी ऐकलं होतं, ती त्यांनी तिथेच वडाकडे न बघता केली. एवढ्या सगळ्यातून उरली ती खोली अशी, की खाट आत घातल्यावर माणसाने दारातून सरळ खाटेवरच पाऊल टाकायचं. पाहुण्यांना देतो म्हटलं तरी कोणी घेणार नाही. म्हणजे माझी मला मिळाली. कडी आतूनच लागते. तिकडे यायला नवरा तयार नाही, सासूबाई तर नाहीतच. हंगामात मी एकटी, पाय ताणून झोपते. हे सुख मी कोणाला वर्णन करून सांगत नाही, नाहीतर मागायला येतील.

फक्त एक गोष्ट आहे. दर अमावास्येला राखणदारासाठी वाटेच्या कडेला बिडीचं एक बंडल ठेवायची आमच्याकडे रीत आहे. ते काम सासूबाईंचं. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी ठेवते. त्यांच्या गुडघ्यांसाठी, दुसरं काही नाही. आणि बंडल जरा बऱ्यातलं घेते, कारण स्वस्तातल्याचा वास खोलीत येतो.

परवा दुकानदाराने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "वैनीनूं, दर महिन्याक बिडी कोणाक?"

विज्ञानाच्या पदवीधर बाईने यावर काय सांगायचं? मी म्हटलं, "घरच्यांका."

तेव्हापासून माझा नवरा चोरून बिड्या ओढतो, ही बातमी वाडीभर झाली आहे. तो बिचारा भेटेल त्याला गळ्याची शपथ घेऊन नाही म्हणतो. मी मध्ये पडत नाही. दोघांपैकी एकाचीच अब्रू वाचणार होती, तेव्हा मी माझी वाचवली.