ओळीतली खाट

सोलापुरात मार्शल लॉ येण्याआधीची दोन-तीन वर्षे मी एका घराण्याच्या धर्मादाय फंडाचा चिटणीस होतो. त्याआधी वर्तमानपत्रात बातमीदार होतो. घराणे कापसाच्या व्यापारातले. दुधनीला त्यांचे जिनिंग होते, शहरात पेढी आणि राहते घर. फंड वडिलांनी मृत्युपत्राने ठेवलेला, आणि तो दोघे भाऊ मिळून पाहत. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय मदत मंजूर होत नसे. मला घेतले ते मी बातमीदार होतो म्हणूनच. थोरल्या मालकांनी पहिल्या दिवशी सांगितले की मदत मागायला येणारा प्रत्येक जण चांगले बोलतो, तेव्हा तुम्ही जाऊन पाहायचे आणि पाहिले तेवढेच लिहायचे.

मृत्युपत्रात एक कलम होते. ज्या संस्थेचा उपयोग घरच्या माणसाने आधी स्वतः केला नसेल तिला मदत देऊ नये. मुले हे कलम अक्षरशः पाळत. मोफत दवाखान्याचा अर्ज आला तेव्हा थोरल्यांनी आपल्या खोकल्यावर तिथलेच औषध घेतले, रांगेत उभे राहून. वाचनालयाच्या वेळी धाकटे रोज तिथे जाऊन बसले आणि वर्तमानपत्रे शिळी असतात एवढा शेरा घेऊन आले. पांजरपोळात घरचा लंगडा बैल ठेवून पाहिला होता. हे कलम गावात माहीत झाले होते, त्यामुळे संस्था तयारीत असत. एका वसतिगृहात धाकटे जेवायला बसले तर पहिल्याच दिवशी श्रीखंड वाढले. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि शेजारच्या मुलाला विचारले, काल काय होते? मुलगा आचाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. त्या वसतिगृहाला काही मिळाले नाही.

या फंडाकडे एका उन्हाळ्याच्या तोंडाला बाळंतिणींच्या घराचा अर्ज आला.

साखर पेठेच्या कडेला एका भाड्याच्या घरात पुण्याला शिकलेल्या एक नर्सबाई ते चालवत. त्यांना सगळे नुसते बाई म्हणत. हाताखाली एक मावशी होती, जेऊरकडची, मेंढरे राखणाऱ्या घरातली. दोन खोल्या, ओळीने मांडलेल्या खाटा, खाटांच्या मध्ये मांजरपाटाचे पडदे. येणाऱ्या बहुतेक विणकरांच्या घरच्या. त्यांच्या घरी एकाच खोलीत माग आणि चूल, आणि बाळंतपणही त्याच खोलीत मागाच्या आडोशाला. घरमालकाने हे घर आता विकायला काढले होते, आणि सुताच्या गोदामासाठी गिऱ्हाईकही तयार होते. दुसरीकडे जागा मिळेना, कारण बाळंतिणींसाठी घर म्हटले की लोक विटाळाचे कारण सांगून दार लावून घेत. फंडाने पावसाळ्यापूर्वी घर विकत घेतले तर संस्था राहणार होती. नाही तर खाटा उचलाव्या लागणार होत्या.

मी दोनदा जाऊन आलो आणि अहवाल दिला. जागा स्वच्छ होती, पाणी उकळून वापरत होते, गेलेल्या बायका पुन्हा येत होत्या. भावांना अहवाल पटला. मग कलम आले.

घरात तेव्हा एकटी थोरल्यांची सून गरोदर होती. पहिले बाळंतपण माहेरी झाले होते आणि ते मूल सुइणीच्या हातून गेले होते. दुसरे सासरी व्हायचे होते. नवरा दुधनीच्या जिनिंगवर असे. सुनेला त्या घरी पाठवण्याचा विचार थोरल्यांना सहन होईना. त्यांनी वाट काढली की गाडीवानाची बायको पोटुशी आहे, तिला पाठवू. गाडीवान घरातच वाढला, म्हणजे ती घरचीच. धाकट्यांनी मान हलवली. गडी हा घरचा माणूस होत नाही, असे त्यांचे म्हणणे.

"पांजरपोळाला बैल घरचा धरलात तो कसा?" थोरले म्हणाले.

"बैल आपल्या मालकीचा होता, दादा. गाडीवानाची बायको आपल्या मालकीची नाही."

थोरले यावर हसले नाहीत. त्यांनी मला अर्ज पुढल्या वर्षावर टाकायला सांगितले. पुढल्या वर्षी तिथे गोदाम असेल, हे तिघांनाही माहीत होते. मी लेखणी उचलली तेवढ्यात माजघराच्या दारातून सून बोलली. ती ऐकत उभी होती हे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

"मामंजी, मी जाते तिथं."

थोरल्यांनी तिच्याकडे न पाहता, आत जा, म्हणून सांगितले. ती गेली नाही. पहिल्या वेळचे तिने काही काढले नाही, पण ती दार धरून उभी राहिली, आणि बैठक तशीच संपली. दुसऱ्या दिवशी थोरल्यांच्याच सांगण्यावरून, सून तिथे येणार हे मी बाईंना कळवायला गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, घरच्यांना खोली रिकामी करून हवी आहे का? मी म्हणालो, अजून तसे कुणी म्हटलेले नाही.

"म्हणतील. त्यांना सांगा, खाट मिळेल, ओळीतली. आणि सामान काही पाठवू नका."

सामान पाठवले गेलेच. शिसवी पलंग, तांब्याचा बंब, स्वयंपाकाला बाई. मावशीने सगळे दारातून परत लावले. पलंग आणणाऱ्या गड्याला ती म्हणाली, "ह्यो आत नेला तर चौघी भाईर काडाव्या लागतील की. तू नेतोस का घरी चौघींना?"

सुनेला कळा सुरू झाल्या त्या दिवशी ऊन फार होते. गिरणीचा दुपारचा भोंगा होऊन गेल्यावर सुनेला टांग्यातून आणले. बरोबर थोरले स्वतः आले, आणि मला पाहायचे होते म्हणून मी. पुरुषांना आत जागा नव्हती. अंगणात भिंतीलगत सावलीचा एक पट्टा होता, तिथे आम्ही थांबलो. बाईंनी तपासून बाहेर येऊन सांगितले की सगळे सरळ आहे, वेळ आहे. थोरल्यांनी टोपी काढून घाम पुसला.

थोड्याच वेळात दोन माणसे बाजेवर एक बाई घालून धावत आली. विणकराची बायको होती. आदल्या दिवसापासून घरी अडली होती. मूल आडवे होते आणि हात बाहेर आला होता. बाज आत गेली. नवरा भिंतीशी येऊन बसला, केसांत कापसाची तुसे तशीच. सावली आता तिघांत होती.

आतून बाईंचा आवाज आला, पाणी आणा, दिवा जवळ घ्या. सुनेच्या खाटेकडून आधी काही ऐकू येत नव्हते. मग ऐकू येऊ लागले. वेळ आहे म्हणून सांगितले होते, पण तिच्या कळा भराभर वाढत गेल्या. थोरले उठून दाराशी गेले.

"बाई, बाहेर या."

कुणी आले नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली. बाई उंबऱ्यापर्यंत आल्या. हात कोपरापर्यंत ओले होते आणि ते त्यांनी वर धरले होते.

"तुमच्या सुनेजवळ मावशी आहे," त्या म्हणाल्या. "इकडची मी सोडली तर ती जाईल."

"मी कुणाला घेऊन आलोय तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," असे म्हणून त्या वळल्या.

थोरल्यांनी टांगा घरच्या डॉक्टरांकडे पिटाळला. टांगा परत आला तो रिकामा. डॉक्टर व्हिजिटला वळसंगला गेले होते. थोरले उन्हातच उभे राहिले. मावशी पाणी टाकायला बाहेर आली तेव्हा त्यांना पाहून म्हणाली, "मालक, हितं हुबं ऱ्हाऊन काय व्हनार न्हाय. सावलीत बसा." ते विणकराच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळाने विणकराने विचारले, "तुमची बी आत हाय?"

"सून," थोरले म्हणाले.



मग सुनेचा एक मोठा आवाज आला आणि त्यामागे सगळे शांत झाले. मूल झाले होते, पण ते रडले नाही. खिडकीतून ते सगळे आम्हाला ऐकू येत होते. मावशीने बाईंना हाक मारली. बाई जागच्या हलल्या नाहीत. पडद्यापलीकडून, श्वास लागलेला असताना, त्या एकेक सांगत गेल्या. तोंडात बोट घालून पूस. पाय धर, उलटं कर. पाठ चोळ. जोरानं चोळ. थोरल्यांनी खिडकीचा गज धरला होता. विणकरही उठून उभा राहिला होता. आत फक्त पाठ चोळल्याचा आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता. त्यानंतर मूल रडले.

विणकराच्या बायकोचे मूल पोटातच गेलेले होते. ती वाचली. बाईंनी बाहेर येऊन आधी विणकराला सांगितले, मग थोरल्यांना. मुलगी झाली आणि दोघी ठीक आहेत, असे त्या म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी अहवाल लिहिला. जे ऐकले आणि पाहिले ते क्रमाने होते. थोरल्यांनी तो वाचून विचारले, यात 'दुर्लक्ष' हा शब्द कुठे आहे? मी म्हणालो, मला दुर्लक्ष दिसले नाही, मला एक माणूस कमी दिसला. ते म्हणाले, मग तुम्हाला नीट दिसले नाही. माझ्या सुनेला अडाणी बाईच्या हाती सोडली, त्या संस्थेला मी सही देणार नाही. धाकटे देणार म्हणून बसले. दोन भावांत घरात बोलणे बंद झाले. तिकडे घरमालकाने बाईंना निरोप पाठवला की गिऱ्हाईक आता थांबत नाही, वटपौर्णिमेच्या आत काय ते सांगा. मी तो निरोप थोरल्यांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला.

सून सव्वा महिन्यानंतर बाहेर आली. त्याच संध्याकाळी ती बैठकीत येऊन उभी राहिली. या वेळी तिला आत जा कुणी म्हटले नाही.

"तुम्ही बाईंना हाका मारत होता त्या मी ऐकत होते, मामंजी," ती म्हणाली. "त्याआधी त्या माझ्याजवळ आल्या होत्या. म्हणाल्या, तिकडं मला जावं लागेल. मी म्हटलं, जा."

थोरल्यांनी हे ऐकले नव्हते. बाईंनी ते कुणालाच सांगितले नव्हते, मलाही नाही. थोरल्यांनी दुसऱ्या दिवशी बाईंना घरी बोलावून घेतले. बाई आल्या, बसा म्हटल्यावर बसल्या. थोरल्यांनी सरळ विचारले की सुनेने हो म्हटले होते, तर त्या दिवशी अंगणात मला ते का सांगितले नाही? सांगितले असते तर हा महिना असा गेला नसता.

"तिला मी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी जाते आहे एवढं सांगितलं. ती नको म्हणाली असती तरी मी तिकडंच गेले असते. मग तिच्या होकारामागं लपू कशी?"

धाकट्यांनी मान खाली घातली. बाईंनी हातातली सही घालवली असे त्यांना वाटले असावे. मलाही वाटले.  बाहेर पेढीवर कुणी तरी कानडीत भाव सांगत होते, तेवढे ऐकू येत होते.

"आणि पुन्हा असं झालं तर?" थोरल्यांनी विचारले.

"पुन्हाही असंच होईल. दोघींना चार हात लागतात, मालक. माझ्याकडं शिकलेले हात माझेच आहेत."

"मग अर्जात नुसतं घर का मागितलंत? दुसरी नर्स का नाही मागितली?"

"जास्त मागितलं की काहीच मिळत नाही, असा अनुभव आहे."

थोरल्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी अर्ज दिला. त्यांनी घराच्या ओळीखाली दुसऱ्या शिकलेल्या नर्सचा पगार फंडाने द्यावा असे आपल्या हाताने लिहिले, सही केली आणि कागद भावाकडे सरकवला. धाकटे सही करता करता म्हणाले की आता ते कलम काढून टाकू, दादा, पुन्हा घरावर असा प्रसंग नको. थोरले म्हणाले, कलम राहू दे. बाईंनी आभार मानले नाहीत. घरमालकाकडे आज कुणी जाणार का, एवढे विचारले, आणि एक बाई दिवस भरून बसली आहे म्हणून लगेच उठल्या. मी त्यांच्यामागोमाग घरमालकाकडे गेलो.

खरेदीखत झाले. दुसरी नर्स मिळायला वेळ लागला. पुण्याहून कुणी सोलापूरला यायला तयार होईना, मिरजेहून एक आली ती दसऱ्यानंतर. तोवर बाई एकट्याच होत्या. त्या सगळ्या पावसाळ्यात थोरले मालक रोज सकाळी गड्याला साखर पेठेत पाठवून विचारून घेत की आज कळा लागलेल्या किती आहेत. एक असेल तर ते पेढीवर जात. दोन असल्या तर टांगा जोडून ठेवायला सांगत, डॉक्टरांकडे माणूस पाठवून आज गाव सोडू नका असे कळवत, आणि दोघी सुटल्याचा निरोप येईपर्यंत घरीच बसून राहत.