सत्त्याण्णवचा भाग

नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर. बेंबळीच्या आमच्या घरात, चुलीशेजारच्या भिंतीवर, माझ्या थोरल्या भावाने हा आकडा कोळशाने लिहिला आणि आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, म्हणाला, "ह्येला कशानं भाग जातो, काढून ठिवा. उत्तर निघंपतुर मी येतोच." मग तो निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडच्या, रझाकारांशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला. रझाकारांचे दिवस होते. जाणारा प्रत्येक जण येतोच म्हणायचा.

आबा निजामाच्या शाळेत उर्दूतून हिसाब शिकवत. त्यांनी मला पाटी घेऊन बसवलं. एकनं आणि स्वतःनं सोडून कशानंच भाग गेला नाही, तर ती मूळ संख्या, हे मला ठाऊक होतं. दोन, तीन, पाच बघताबघता बाद झाले.

"दोन-तीननं जात न्हाय, मग सहाचं काय काम? मूळ संख्यांनीच भागायचं," आबा म्हणाले. "अन् शंभराच्या आतच थांबायचं. शंभर गुणिले शंभर धा हजार; त्याच्याहून मोठ्यानं भाग गेला, तर गुणाकारातला जोडीदार शंभराच्या आत सापडणारच."

म्हणजे काम एका बैठकीचं होतं. पण आबा फक्त बाजारच्या दिवशी, तेही एकच भाग करू द्यायचे. बाजारात बार्शीकडून आलेल्यांना विचारायचं, काही कळलं नाही की घरी येऊन पाटी काढायची. मला त्या चेंगटपणाचा भयंकर राग यायचा. तेरानं भागलं तेव्हा नुसते दोन उरले. "थोडक्यात हुकलं बघा," माय म्हणाली आणि चुलीकडे वळली. ती रोज संध्याकाळी भावाच्या वाटणीची एक भाकरी जास्त टाकायची.

एकोणनव्वदपर्यंत आलो आणि हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. कॅम्पातली पोरं गुलाल लावून परतली. भाऊ आला नाही. एका चकमकीनंतर त्याला कुणी पाहिलंच नव्हतं, एवढंच त्यांना सांगता आलं.

"आबा, सत्त्याण्णवचा तेवढा राहिलाय."

"राहू दे."

त्यांनी पुन्हा पाटीला हात लावला नाही. भिंत पोतारताना माय तेवढा तुकडा सोडून द्यायची.

काही वर्षांनी आबा गेले. त्यांचं तेरावं झाल्यावर मायने स्वतः पाटी आणून माझ्यापुढे ठेवली. "कर."

मी केला भाग. एकोणऐंशी उरले.

"जात न्हाय?"

"न्हाय जात. मूळ संख्या हाय."

"कशानंच न्हाय?"

"कशानंच न्हाय, माय."

"तुज्या आबान्ला पयल्यापास्नं म्हाईत हुतं," ती म्हणाली.

मी रडत होते. तिने पदराने पाटी पुसली, उठली आणि परात घेतली. त्या संध्याकाळी तिने पीठ मळलं ते दोघींपुरतंच.