मुग्धाची गोष्ट मला कळली होती

हे घरी ठाऊक नाही, मित्रांनाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय — आणि सांगतानाही आधी इकडचं तिकडचं बोलणार, खोडच आहे ती माझी.

पार्ल्यात आमचं कथावाचनाचं मंडळ भरायचं. रविवारी सकाळी, कुणाच्या तरी हॉलमध्ये. आपली गोष्ट वाचायची, ज्येष्ठांनी मतं द्यायची, शेवटी पोहे. तरुण आम्ही दोघंच — मुलुंडहून येणारा मी आणि तिथलीच मुग्धा. मोबाइलवर आम्ही एकच गेम खेळायचो. गेमबद्दल आणि लिहिण्याबद्दल एकाच दमात बोलावं असं मला दुसरं कुणी नव्हतं. आजही नाही.

तिने एकदा वाचलेली गोष्ट अशी: मुलगी स्वयंपाकघरात जाते, आई तिला एक प्रश्न विचारते. उत्तर चुकलं की गेमसारखं सगळं पहिल्यापासून — तोच ओटा, तोच उकळता चहा, तोच प्रश्न. मुग्धाच्या आईला विसरण्याचा आजार जडला होता. मंडळात हे फक्त मला माहीत होतं. तिने विश्वासाने सांगितलं होतं.

"अगं, हा व्हिडिओ गेम झाला, कथा नव्हे," अध्यक्ष म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "तू हिच्याच वयाचा. तुला तरी कळली का रे?"

मुग्धा माझ्याकडे बघत होती. तिच्यानंतर माझं वाचन होतं — लक्षात येतंय ना तुमच्या? मी म्हणालो, "नाही बुवा. डोक्यावरून गेली." सगळे हसले. मीही हसलो.

मग मी माझी कोकणातल्या विहिरीची गोष्ट वाचली. गावाला मी लहानपणी एकदाच गेलेलो. विहीर, रहाट, पोफळीची बाग — सगळं टीव्हीवरच्या मालिकेतून उचललेलं, कॅमेरा हळूहळू जवळ जातो तसंच्या तसं. "मातीचा वास आहे हो याच्या लिहिण्याला!" अध्यक्ष म्हणाले. मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

मुग्धा पुन्हा मंडळात आली नाही. गेममध्येही दिसली नाही. मी फोन केला नाही — काय बोलणार होतो? रविवार मात्र फार रिकामे गेले. अजून जातात.

परवा पार्ल्याच्या भाजीबाजारात मुग्धा आणि तिची आई समोर आल्या. मुग्धा मटार निवडत होती. काकू माझ्याकडे बघून हसल्या.

"आमची मुग्धा छान लिहायची ना रे?"

मुग्धाचा हात थांबला. ती तिथेच उभी, आणि मी — मला तिच्याकडे बघवेना. "मला नाही हो कळत त्यातलं, काकू," म्हणालो.

काकूंनी मान डोलावली. वांग्यांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं, आणि आत्ताच भेटल्यासारख्या हसल्या.

"आमची मुग्धा छान लिहायची ना रे?"

तोच प्रश्न. मुग्धा आता सरळ माझ्याकडे बघत होती, त्या रविवारी बघत होती तशीच.

"मला नाही हो कळत त्यातलं," मी पुन्हा म्हणालो.

मुग्धाने मटारची पिशवी उचलली, "चल गं आई" म्हणाली, आणि दोघी पुढे गेल्या.