साखळीवरचा तळवा

विजयदुर्गच्या धक्क्यावरून आम्हां नवराबायकोला घेऊन पडावाची होडी सुटली तेव्हा आगबोट दूर, खोल पाण्यात धूर सोडीत उभी होती. वडील छत्री टेकून किनाऱ्यावर. गावच्या शाळेत त्यांनी मला आर्या नि ओव्या शिकवल्या होत्या, निघताना मात्र एवढेच म्हणाले, "लाटेकडे बघू नकोस, लांब बघ. मळमळत नाही."

करी रोडच्या चाळीत खोली मिळाली. वाडीतल्या तुम्हां सर्वांना माझी पहिली पत्रे आठवत असतील: गिरण्यांच्या भोंग्यांची, ओल्या सुताच्या वासाची, संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी रंगलेल्या भिंतींची. एक गोष्ट मात्र लिहायची राहिली.

हे परळच्या एका कारखान्यात खलाशी होते. तिथला खलाशी समुद्रावरचा नव्हे. क्रेनच्या साखळ्या अवजड लोखंडाला बांधणारा. पण यांचे हात घडले होते पडावावर. दोरखंड ताणू लागला की त्यावर तळवा ठेवायचा, ओझे कुठे कलते ते कातडीला समजते, ही माझ्या सासऱ्यांची शिकवण. कारखान्यात मनाई असूनही यांनी ताणत्या साखळीवर तोच तळवा ठेवला. दोर थोडा तरी दबतो. साखळी दबली नाही. ती आणि उचलला जाणारा बॉयलर यांच्यामध्ये उजव्या हाताची दोन बोटे गेली.

इस्पितळातून आल्यावर तो हात सदऱ्याच्या खिशात राहू लागला. मोर्च्यात सारे उजवी मूठ उंचावत, हे डावी. फोरमनने सांगितले की बांधणीचे काम आता नाही. खाली उभे राहून क्रेनवाल्याला इशारे देण्याची जागा आहे. पण वरून हा हात स्पष्ट वाचता आला, तरच. मुदत दसऱ्यापर्यंत, नाहीतर हिशेब चुकता करून गाव गाठायचे. वडिलांचे कार्डही आले: परत या, दोघांपुरते भात इथे पिकते.

क्रेन चालवणारे सावंतभाऊजी आमच्याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावर राहत. अपघाताच्या दिवशी क्रेन त्यांच्याच हाती होती. एका रविवारी सकाळी त्यांनी गॅलरीतून दोराला बांधलेली पाण्याची बादली खाली चौकात सोडली नि यांना हाक मारली, "दत्ता, माका बोटां दाखवू नको. तुझा मनगट वाचूक शिकव."

मग ते रोजचेच झाले. खाली हे हात हलवीत, वर भाऊजी दोर. बादली हिंदकळे, लोकांच्या वाळवणांवर पाणी सांडे, शिव्या येत. शेजारच्या काकू मला विचारीत, "गो, तुझो घोव पाणी भरता, की पाण्याक नाचयता?" हळूहळू पाणी सांडेनासे झाले.

दसऱ्याला कारखान्याचे दरवाजे बायकामुलांसाठी उघडले. हुकाला झेंडूची माळ होती. तिच्या वासात तेलाचा जड वास मिसळला होता. पूजा झाल्यावर हे मधोमध जाऊन उभे राहिले. हात खिशातून निघाला. तीन बोटांचा तो तळवा किंचित वर उलथला, आणि गाभाऱ्याएवढा बॉयलर जमिनीपासून सुटला. मनगट वळले तसा वळला, थबकले तसा थबकला. आर्या-ओव्यांचा छंद मी आजवर कानाने ओळखत आले होते. लोखंडाला तो पाळताना प्रथमच पाहत होते. देवासमोर वाटते तसली भीती मला माझ्याच नवऱ्याची वाटली. बॉयलर खालच्या ओंडक्यांवर टेकला, तेव्हा ते करकरलेदेखील नाहीत.

फोरमन म्हणाले, "उद्यापासून इशाऱ्याची शिट्टी तुझ्याकडे."

आम्ही सगळेच तेव्हा मुंबईतल्या जागेला खोली म्हणत असू; घर हा शब्द गावासाठी राखून ठेवलेला. आज गावी येते तेव्हा तुम्ही मला पाट मांडता, पाहुणीला मांडावा तसा, नि ते मला लागते. पण सुरुवात माझीच आहे. वडिलांना उत्तर लिहिताना 'आम्ही येत नाही' हे शब्द उमटेनात. शेवटी करी रोडचा पत्ता घालून एकच ओळ लिहिली: 'घरी सर्व क्षेम.'

परत या, असे त्यांनी पुन्हा कधी लिहिले नाही.