खाटवाल्या चाचांची सुतळी

हॉकीतलं चाचांइतकं कळणारा माणूस मला जळगावात दुसरा भेटला नाही, आणि चाचांनी आयुष्यात एक सामनासुद्धा धड पाहिला नसेल. मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखाली, खेळाकडे पाठ करून ते बसायचे. मांडीवर कुणाची तरी काठी, दातात सुतळीचं टोक. मागे गोल झाला, पोरांनी आरडाओरडा केला, तरी मान वळायची नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "खेळ देखाले लागनू का हात ढिला पडस."

धंद्याने ते खाटा विणणारे. मूळ गाव तापीकाठचं, त्यामुळे आमच्याशी बोलायचे ते खेड्यातल्या खान्देशीत. घरातलं बोलणं वेगळं. खाटेची सुतळी ताणून ताणून त्यांच्या अंगठ्याला चर पडला होता. हॉकीची काठी चिरली की तिला अशी काही सुतळी गुंडाळायचे की काठी मोडावी, पण सुतळी सुटू नये. शेवटची गाठ आत कुठे दडवायचे, ते आम्हाला कधी शोधता आलं नाही. संघाच्या सगळ्या काठ्या त्यांच्याकडेच जायच्या. चहा आला की पहिला कप चाचांना, हा आमचा रिवाज होता. बाकी गावात ते नुसते खाटवाले. मैदानावर मात्र त्यांना मान होता, आणि तो त्यांना आवडायचा. शुक्रवारची नमाज आटोपून यायचे तेव्हा सदरा पांढराशुभ्र असायचा.

खेळ न पाहता त्यांना खेळ कसा कळायचा? काठीवरून. दुरुस्तीला आलेली काठी ते आधी डोळ्यांजवळ धरायचे, मग अंगठा फिरवायचे आणि सांगायचे. एका बचावपटूच्या काठीची मूठ नुसती घामाने काळी पडली होती, खाली ओरखडा नव्हता. "हाऊ काठी धरस घट्ट, पन चालावस नही. भ्यास," असं म्हणून ते मोकळे झाले. तो बिचारा लाजून लाल झाला, पण त्या दिवसापासून अंगावर येणाऱ्याला सामोरा जायला लागला.

साठचं दशक सरत आलं होतं. त्या वर्षी आम्ही जवळपासचे सगळे संघ धुऊन काढले होते. मी सेंटर फॉरवर्ड आणि कप्तान. निम्मेअधिक गोल माझे. धुळ्याची बाद फेरीची स्पर्धा तोंडावर आली होती आणि गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, यांची आघाडीची फळी धुळ्यात टिकेल का? आमचे सेक्रेटरी म्हणजे कापडवाले शेठजी. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असतानाही ते हीच चर्चा करायचे. उत्तर मला ठाऊक होतं. तरी मी चाचांकडे गेलो, कारण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला गेलो होतो.

चाचांनी आघाडीच्या पाचही जणांच्या काठ्या मागवल्या आणि अर्धवट विणलेल्या खाटेवर ओळीने मांडल्या. माझी काठी पार झिजलेली. माझ्या दोन्ही बाजूंना खेळणाऱ्या इनच्या काठ्या बऱ्यापैकी घासलेल्या, उजव्या टोकाच्या राइट आउटची थोडीफार. पाचवी प्रल्हादची. प्रल्हाद फैजपूरच्या केळीवाल्यांचा मुलगा, शिकायला जळगावात राहिलेला, आमचा लेफ्ट आउट. वाऱ्यासारखा पळायचा. चाचांनी ती काठी उचलून उन्हात धरली.

"हाई काठीवर दुकाननं पॉलिश अजून शे," ते म्हणाले. "कप्तान, पाच जन पयतस, पन चेंडू एकलाच खाई जास."

"गोल तर होतायत ना, चाचा?"

"आठे जळगावमा व्हतस. धुळामा दोन फेऱ्या निंघशात. तिसरीमा कोनी तरी तुले बांधी टाकी. मंग बाकीना चार जन काय करतीन? त्यास्ले सवय नही."

मी हसलो. वळताना काठ्या घेऊन आलेल्या पोरांना म्हणालो, "खाटा विणणाऱ्याला काय कळतंय हॉकीतलं." हळू म्हणालो नाही. चाचांना ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणालो. त्यांचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू लागले. दुसऱ्या दिवशी माझी काठी नव्या सुतळीने बांधून तयार होती.

प्रल्हादला चेंडू का देत नव्हतो, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याला चेंडू मिळाला असता तर लोकांनी त्याचं नाव घेतलं असतं. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

धुळ्यात पहिल्या दोन फेऱ्या आम्ही जिंकल्या, गोल माझेच. तिसऱ्या फेरीत समोरच्या संघाने दोन माणसं माझ्या अंगाला चिकटवली. उजवीकडे वळलो तरी दोघं, डावीकडे वळलो तरी दोघं. डाव्या टोकाला प्रल्हाद मोकळा उभा होता. काठी वर करून ओरडत होता, "दादा, इकडे. दादा." सबंध सामनाभर मी ती हाक ऐकली. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना त्या दोघांतून कसाबसा निसटलो. प्रल्हाद गोलच्या तोंडाशी एकटा होता. मी स्वतः मारला. चेंडू गोलकीपरच्या पॅडवर आदळला, तिथून त्यांनी तो उलटा आमच्या टोकाला नेला, आमच्यावर गोल झाला आणि आम्ही बाद झालो.

शिट्टी वाजल्यावर मी त्या गोलाच्या खांबावर काठी हाणली. सुतळी संपते तिथेच खाली, उघड्या लाकडावर ती चिरली. बाकीचे बाहेर निघाले होते. पाहिलं ते एकट्या प्रल्हादने.

शेठजींनी विचारलं, "भाऊ, तो शेवटचा फटका कसा चुकला?" मला दोन वाक्यं पुरली. "सुतळी ढिली होती. ऐन फटक्याला काठी फाटली." प्रल्हादने माझ्याकडे पाहिलं आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

जळगावला परतल्यावर शेठजींनी सगळ्या संघादेखत ती काठी चाचांपुढे धरली. "हे काय केलं, चाचा? पोरांची मेहनत वाया गेली." चाचांनी काठी घेतली, डोळ्यांजवळ नेली, अंगठा फिरवला. अंगठा एका जागी थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. मी बोलेन म्हणून ते वाट पाहत होते, असं मला आजही वाटतं. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

"चूक मन्ही शे, शेठ," ते म्हणाले. "सुतळी कच्ची निंघनी."

शेठजींनी तिथल्या तिथे ठरवलं की यापुढे काठ्या भुसावळच्या दुकानात जातील. चाचांनी मान हलवली. "हाई एक बांधी देस, मंग जास," एवढंच बोलले आणि पाठ करून बसले. त्या काठीला त्यांनी खूप वेळ लावला. बांधून झाल्यावर माझ्या हातात दिली, सुतळीचा गुंडा पिशवीत टाकला आणि निघून गेले. त्या दिवशी चहा आला तेव्हा पहिला कप कुणाला द्यायचा ते चहावाल्या पोऱ्याला कळेना.

पुढच्या मोसमात प्रल्हाद कप्तान झाला. मी त्या काठीने पुन्हा खेळलो नाही. काही वर्षांनी नोकरी लागून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत आलो. जळगावच्या बाजारात चाचा एकदाच भेटले, एका ओट्यावर खाट विणत होते. "कप्तान, खेळ चालू शे ना?" मी हो म्हणालो. तेही खोटंच होतं. "आनि तो फैजपूरना पोऱ्या? त्यानी काठी आते झिजनी व्हई." मी मान डोलावली. माफी ओठांवर होती. पण बस सुटेल असं काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. मला स्वतःची इतकी लाज दुसऱ्या कशानेही वाटलेली नाही. दोन वर्षांनी कळलं, चाचा गेले.

गेल्या पावसाळ्यात क्वार्टरच्या माळ्यावर पाणी गळलं. ती काठी खाली काढली तर सुतळी कुजून सैल झाली होती. एक वेढा सुटला, मग बाकीचे माझ्या हातात सुटत गेले. खाली लाकडावर चिरेलगत पांढऱ्या रंगाचा बोटभर पट्टा निघाला. धुळ्याच्या गोलखांबाचा रंग. मी खांबावर हाणली तेव्हा त्या जागी सुतळी नव्हतीच. चाचांच्या अंगठ्याला सापडलं होतं ते हेच. शेठजींना नुसतं बोट ठेवून दाखवलं असतं तरी पुरे होतं. नाहीतर पत्र्याने खरवडून काढता आला असता. त्यांनी दोन्ही केलं नाही. कुणाला दिसू नये म्हणून त्याच्यावर वेढे घेतले, आणि तो तसाच ठेवून काठी मला दिली.

मी बाजारातून नवी सुतळी आणली आणि पुन्हा बांधायला बसलो. दोनतीनदा करून पाहिलं. वेढे सरकतात आणि तो पट्टा उघडा पडतो. मला चाचांची गाठ येत नाही.