दोऱ्यांखालचं अंगण

आत्या कधीच कुणाच्या तोंडाकडे बघून बोलली नाही. उजव्या हाताचा पंजा कपाळावर आडवा धरायचा, हनुवटी वर करायची आणि आभाळाकडे बघत म्हणायचं, "बोल तू, माझा कान हितंच हाय." मग समोर मतं मागायला आलेला उमेदवार असो, पोलिओच्या मोजणीला आलेली नर्स असो, नाहीतर चहाचा कप धरून उभा असलेला मी असो. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारी फार देवभोळी आहे. एका उमेदवाराने तर तिच्याबरोबर वर बघून भक्तिभावाने हातही जोडले होते. आत्या घार शोधत होती.

भिवंडीजवळ शेलारला मी ज्या लूमच्या कारखान्यात क्लार्क आहे, त्याच्या ऑफिसची खिडकी आत्याच्या अंगणात उघडते. कारखाना तिच्या भाच्याचा, म्हणजे आमच्या शेठचा. शेठ तिला आत्या म्हणायचा म्हणून आम्हीही म्हणायचो, आणि आम्ही म्हणायचो म्हणून सगळी गल्ली म्हणायची. अंगणाच्या एका बाजूला आमचा कारखाना, दोन बाजूंना गोडाऊनच्या भिंती आणि समोर रस्ता. मधे तिचं एका खोलीचं कौलारू घर, एक शेवगा, धुण्याचा दगड आणि दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या दहा-बारा गावठी कोंबड्या. त्या दगडावर बसून ती पहारा करायची.

या पहाऱ्याचं कारण तुम्हाला आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला वेडी म्हणाल, जसं मी पहिले काही महिने म्हणत होतो. नवरा गेल्यावर आत्या तरुणपणीच माहेरी परत आली. तिच्या भावाने, म्हणजे शेठच्या वडिलांनी, शेवटच्या आजारात गावातल्या चार जाणत्या माणसांना खाटेपाशी बोलावलं आणि सांगितलं, "जवर हिच्या कोंबऱ्या या अंगनात चरतीन, तवर अंगन हिचा." बस, एवढंच. पण आमच्या गावात चार जाणत्यांसमोर दिलेला शब्द मोडणारा माणूस लग्नाच्या पंगतीत मान वर करून जेवू शकत नाही, आणि शेठला पंगतीत पहिल्या रांगेत बसायची फार हौस. त्या चारांपैकी दोघे अजून हयात होते. त्यांना दिसायचं कमी, पण आठवायचं सगळं.

शेठला ते अंगण कंटेनर वळवायला हवं होतं. शेलारपासून मानकोलीपर्यंत जिथे भात पिकायचं तिथे गोडाऊनं पिकली होती आणि नेमका हाच एक तुकडा कोंबड्या चरत होत्या. म्हणजे घारीने एक कोंबडी उचलली की कंटेनर तेवढा जवळ यायचा. शेठ आणि घार यांच्यात काही करार झालेला नव्हता, पण दोघांची नजर एकाच जागेवर होती. शेठ रोज सकाळी कारखान्यात शिरण्याआधी प्रेमाने विचारायचा, "आत्या, बऱ्या हायेत ना सगल्या?"

"हायेत. तुझीच चौकशी करतात," आत्या आभाळाकडे बघत सांगायची.

एकदा शेठने टेम्पोतून मोठा लोखंडी पिंजरा आणला. मी खिडकीत होतो.

"आत्या, हे बघ. घार न्हाय, बोका न्हाय, मुंगूस न्हाय. फुल सेफ्टी. कोंबऱ्या आत टाक आन तू आराम कर."

"आन चरतीन कुटं?"

"दानं टाक ना आतच."

"तुझ्या बापानं 'चरतीन' म्हनलेला. 'बसतीन' न्हाय म्हनलेला."

शेठने पिंजरा तिथेच सोडला. दुसऱ्या दिवशी आत्याने त्यात सरपण रचलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "माझी लाकरा आता फुल सेफ्टीत हायेत." भाच्याच्या मायेचं तिने चारचौघांत असं कौतुक करावं आणि शेठने ते हसून ऐकून घ्यावं, हा प्रकार पुढेही चालू राहिला.

तिच्या हिशेबी शत्रूंचे दर्जे होते. कावळा म्हणजे फुटकळ, पिल्लं लहान असतील तेवढेच दिवस त्याचं भय. बोका आळशी. मुंगूस हुशार, त्याच्यासाठी खुराड्याच्या फटी ती संध्याकाळी स्वतः बोटांनी चाचपून बघायची. घार सगळ्यांत ताकदीची, पण तिच्याबद्दल आत्याला आदर होता. मला म्हणायची, "घार वरनं येते, सांगून येते. सावली पाठवते आधी. चपला दाराशी काढून येतो ना, त्याचा भरोसा न्हाय." हे ती म्हणाली तेव्हा शेठच्या चपला दाराशीच होत्या.

घारीचा बंदोबस्त तिने आमच्याच मालातून केला. लूमवर कापडाच्या कडेची जी चिंदी निघते आणि जे सूत वाया जातं, ते कारखान्यामागे ढिगाने पडतं. आत्या ते वळून लांब दोऱ्या करायची आणि शेवग्यापासून आमच्या खिडकीच्या गजांपर्यंत, तिथून रस्त्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत, खांबापासून कौलांपर्यंत आडव्या-तिडव्या बांधायची. घारीला झेप घ्यायला सरळ वाट लागते, दोऱ्या मधे आल्या की ती बहुतेकदा वरच्या वर वळते. दोऱ्यांना चमकण्यासाठी सीड्या लटकवल्या होत्या. त्या शेठच्या लग्नाच्या व्हिडिओच्या होत्या. आता त्या लावायला यंत्रच घरात उरलं नव्हतं, म्हणून शेठच्या बायकोने माळ्यावरून काढून दिल्या. वाऱ्यावर हळद, वरात आणि पाठवणी अशा तिन्ही सीड्या गरगर फिरायच्या. खुराड्यावर एका उमेदवाराचं हात जोडलेलं फ्लेक्स पसरलेलं. "याला बघून घार तर न्हायच येत," आत्या सांगायची, "निवडून आल्यापासनं हा पन न्हाय येत." नवी पिल्लं निघाली की सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्याकडून खुणेचा कच्चा रंग मागून आणायची आणि पिल्लांना जांभळं करायची. घारीला ते काय आहे हे कळायच्या आत पिल्लं मोठी व्हायची.

सुरुवातीला या दोऱ्यांवर शेठचा फार राग होता. गाळ्याची शोभा जाते म्हणायचा. मग एका उन्हाळ्यात अचानक त्याला पाझर फुटला. त्याने आपल्या फिटरला घेऊन येऊन खांबापासून कारखान्यापर्यंत एक दोरी स्वतः उभं राहून बांधून घेतली. दोरी काळी होती आणि जरा जाड होती. "पक्की हाय आत्या. पन हिला हात लावू नको हां, मरशील." त्याच आठवड्यात शेठच्या केबिनला एसी बसला. वीजबिल मात्र होतं तेवढंच आलं. मी शेठच्या काटकसरीचं मनापासून कौतुक केलं.

पुढे एका दुपारी वीज कंपनीचं बाहेरगावचं फिरतं पथक आलं. भिवंडीत डोक्यावरून काहीही आडवं गेलेलं दिसलं की या लोकांची पावलं थांबतात, आणि इथे तर अख्खं जाळं होतं. साहेब तरुण होता. त्याने अंगणात येऊन वर बघितलं. आत्याही वर बघतच होती.

"आजी, या वायरी कुणी टाकल्या?"

"वायरी कुटं? दोऱ्या हायेत. घारीसाठी. हात लावून बघ, सुताच्या हायेत."

साहेबाने हात लावला. सूतच होतं. तो हसला आणि निघायला वळला. तेवढ्यात आत्या म्हणाली, "ती काली हाय ना, तिला तेवढा हात लावू नको बाबा. ती माझ्या भाच्यानं सोता बांधलीय, कोंबऱ्यांच्या मायेनं. मना बोललाय, आत्या, हात लावशील तर मरशील."

साहेब थांबला. काळी दोरी खांबावरून कुठे जाते ते त्याने मान फिरवून बघितलं आणि त्याची नजर येऊन शेठच्या केबिनवर, नेमकी एसीवर टेकली. शेठ आत गारव्यात बसून फोनवर बोलत होता.

आत्याला माहीत होतं का? हे मला पुष्कळांनी विचारलं आहे. मी खिडकीत होतो, तिचा चेहरा मला दिसत होता. पण ती वर बघत होती, आणि वर बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

पंचनामा झाला, काळी वायर जप्त झाली, केस उभी राहिली. साहेबाने बजावलं की केसचा निकाल लागेपर्यंत बाकीच्या दोऱ्या पुरावा म्हणून जशा आहेत तशाच राहतील, एकही काढायची नाही. संध्याकाळी शेठ घाम पुसत अंगणात आला.

"आत्या, तू मना बुरवला."

"मी काय केला? तुझा कवतिक केला."

त्यानंतर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ऑपरेशन करून घ्यावं असं आम्ही सगळे म्हणालो. शेठ एकटाच म्हणाला की या वयात डोळ्याला हत्यार लावू नये. बाकी दुखण्यांत त्याने कधी मत दिलेलं मला आठवत नाही. आत्या तरीही दगडावर बसायची, पंजा कपाळावर धरायची आणि वर बघायची, पण तिला आता आभाळ म्हणजे नुसता उजेड दिसायचा. हे सगळ्यांत आधी आमच्या लूमवाल्यांच्या लक्षात आलं. खटाखटात बोलून बोलून या लोकांचे गळे तयार झालेले असतात. बिडी ओढायला दाराशी आलेला उत्तर प्रदेशचा कारागीर सावली दिसली की तिथूनच गर्जना करायचा, "आत्याऽ, घार आयी!" लगेच आत्या दगडावरून उठून दोन्ही हात उडवत ओरडायची, "हुऽर्र्र हाऽ हाऽ!" कोंबड्या शेवग्याखाली पळायच्या आणि घार वळून गोडाऊनच्या पत्र्यावर बसायची. मीही बिलं लिहिता लिहिता हाक द्यायला शिकलो. फक्त शेठ ऑफिसात असला की मी हळू आवाजात द्यायचो, आणि तेवढ्या आवाजाने काही होत नसे.

तिची एक तांबडी कोंबडी होती. दिवसभर कटकट करायची म्हणून आत्या तिला वकिलीन म्हणायची. गेल्या थंडीत ती एकाएकी दिसेनाशी झाली. सगळे म्हणाले, घारीने नेली.

"मंग पीस दाखवा," आत्या म्हणाली.

आम्ही अख्खं अंगण धुंडाळलं. पीस मिळालं नाही.

"न्हाय नेली. बसलीय कुटं तरी. येल पोरा घेऊन." हे ती इतक्या वेळा म्हणाली की आम्ही एकमेकांकडे बघून हसायला लागलो.

मग तिला तापाने धरलं. मी दवाखान्यात बिस्किटं घेऊन गेलो तर ती उताणी पडून, पंजा कपाळावर धरून छताच्या पंख्याकडे बघत होती. "कवापासनं फिरतेय," मला म्हणाली, "खाली येत न्हाय. भ्यालीय." मी तिला सांगितलं नाही की तो पंखा आहे. तिने विचारलं, "वकिलीन आली?" मी म्हटलं, नाही अजून. ती म्हणाली, "मंग बसलीय. तिला कोनी उठवू नका." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मला ती बाई फार आवडायची, हे मला त्या लोखंडी खाटेपाशी उभं राहिल्यावर कळलं.

तेराव्याला सगळे नातेवाईक आले, रडले, जेवले. निघताना प्रत्येकाने आत्याची आठवण म्हणून एकेक कोंबडी नेली. आठवणीसाठी कोंबडीच का, असं कुणी विचारलं नाही. रविवारपर्यंत सगळ्या आठवणी वाटण लावून शिजल्या असाव्यात. खुराडं रिकामं झालं. शब्द कोंबड्यांवर दिलेला होता, आत्याच्या श्वासावर नव्हता. शेठने त्या दोन जाणत्यांना घरी जाऊन नमस्कार केला, अंगणात आता काही चरत नाही हे त्यांना आदराने सांगितलं आणि काँक्रीटवाल्याला बोलावलं. केसचा निकाल लागेपर्यंत दोऱ्या वर राहतील, खाली काँक्रीट करून घेऊ, असं त्याने ठरवलं होतं.

काँक्रीटवाला टेप धरून उभा होता, शेठ त्याला कंटेनर कसा वळेल ते हाताने दाखवत होता, आणि मी खिडकीतून बघत होतो. अंगणाच्या कोपऱ्यात तो लोखंडी पिंजरा होता, सरपणाने भरलेला. त्या लाकडांमागून कटकट ऐकू आली. मग वकिलीन बाहेर आली. वाळून काटकी झाली होती. तिच्यामागे एक पिल्लू आलं, मग दुसरं, आणि मग बरीच. कुणी रंगवली नव्हती, पिवळी धम्मक होती. अंगणाच्या मधोमध येऊन तिने माती उकरली आणि पिल्लं चरायला लागली.

टेप आपोआप आत गेला. काँक्रीटवाल्याने विचारलं, "शेठ, मशीन कधी आणू?"

शेठने पिल्लांकडे बघितलं, आमच्या दाराशी बिड्या विझवून उभ्या असलेल्या कारागिरांकडे बघितलं. मग त्याने उजव्या हाताचा पंजा कपाळावर आडवा धरला आणि वर बघितलं. गोडाऊनच्या पत्र्यावरून घार उठली होती. तिची सावली दोऱ्यांखालून सरकत पिल्लांकडे निघाली. शेठ त्या सावलीकडे बघत तसाच उभा राहिला. त्याला काय हवं होतं, ते मला खिडकीतून कळलं नाही. धुण्याचा दगड रिकामा होता आणि तिथून हाक येणार नव्हती.

मी खुर्चीवरून उठलो, गज दोन्ही हातांनी धरले आणि ओरडलो, "हुऽर्र्र हाऽ हाऽ!" नोकरीला लागल्यापासून शेठसमोर एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच काढला.