पाडसाचा आवाज

माझा मामा खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर राहतो. वय सत्तरीच्या पुढे. भेकराच्या पाडसाचा आवाज काढता येणारा त्या पाड्यावर आता तो एकटाच. हिरवं पान दुमडून ओठांत धरायचं आणि फुंकायचं. पाडस अडचणीत आहे असं वाटून मादी झाडीतून बाहेर येते. पूर्वी शिकार अशीच व्हायची. पावसाळ्यात, पाडसं लहान असताना, पान फुंकायचं नाही, एवढा नियम होता.

मामानं तो एकदा मोडला. मामी बाळंतीण होती आणि कणगीतली नागली संपली होती. मारलेल्या भेकरीच्या आचळांत दूध निघालं. रिवाजाप्रमाणे वाटे घरोघर गेले. कुणी काही विचारलं नाही. पुढचे तीन दिवस रानातून पाडसाचा आवाज येत होता. चौथ्या दिवशी थांबला.

आता कित्येक वर्षं त्या रानात भेकर ओरडलेलं नाही. एका मादीनं रान रिकामं होत नाही, हे मी मामाला सांगितलं आहे. तसा उपासाचा पावसाळा प्रत्येक पाड्यावर कुणाच्या तरी घरी आला असणार, नियम त्यांनीही मोडला असणार, हेही. त्याला पटत नाही. मरायच्या आधी एकदा ऐकायचंय, एवढंच म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही दरीत उतरलो. शिकारीला बंदी आहे. कोयताही त्यानं घरी ठेवला. पान फुंकलं. थोड्या वेळानं पलीकडच्या झाडीतून बारीक आवाज आला.

मामानं माझं मनगट धरलं. "पाडस आहे. म्हणजे आय पण आहे."

पुन्हा फुंकलं, पुन्हा उत्तर आलं. सुकी पानं चुकवत आम्ही अर्धा तास पुढे सरकलो. करवंदीच्या जाळीमागे एक म्हातारा उकिडवा बसला होता. ओठांत पान. दरीपलीकडच्या पाड्यावरचा, बाजारात पाहिलेला.

"मेल्या, तू होय!" मामा म्हणाला.

"मला वाटलं पाडस." म्हातारा हसला. "एवढं सुरकुतलेलं पाडस नाय बघितलं कधी."

"कोयता कुठंय तुझा?"

"नाय आणला. ऐकायला आलो."

"तुमच्या बाजूला असतील ना अजून?"

म्हाताऱ्याचं हसू थांबलं. "आमच्याकडं कुठली? तुमच्याकडं आहेत म्हणून तर इथवर आलो."



त्या सकाळचा पानांचा आवाज मी फोनवर टिपला होता. मामा अधूनमधून लावायला सांगतो. आधी जवळून एक, मग पलीकडच्या झाडीतून दुसरा. ठाऊक नसलेल्याला ती दोन पाडसं वाटतात.